शेवटची रेघ कोणाची? कागद-पेन्सिलच्या खेळांतलं गणित

प्रश्न असा आहे: "माझी अकरा वर्षांची मुलगी ठिपके जोडून घरं करायच्या खेळात मला सारखी हरवते. दोघंही जपून खेळतो, बराच वेळ कोणालाच घर मिळत नाही, आणि शेवटी ती एकदम सहा-सात घरं घेऊन जाते. यात काही गणित आहे की नुसतं नशीब? आणि फुली-गोळ्यासारख्या खेळात पहिली खेळी मिळाली की निम्मं काम झालं, हे खरं का?"

मुलगी बहुधा मोजते आहे, आणि तुम्ही नुसतेच जपताय. या खेळात जपून खेळणं म्हणजे कुठल्याही घराला तिसरी बाजू न देणं. ते दोघांनाही जमतं, म्हणून अर्धा डाव शांततेत जातो. मग अशी वेळ येते की कागदावर बिनधोक रेघ उरतच नाही आणि ज्याची पाळी असेल त्याला काहीतरी द्यावंच लागतं. ती वेळ कोणावर येणार, एवढाच खरा सवाल. वीसेक वर्षं मी मुलांच्या गणित-शिबिरांत हे खेळ खेळवतोय. 'कोणती खेळी चांगली' या प्रश्नावर मुलं तासन् तास वाद घालतात. 'खेळ्या आधी कोणाच्या संपणार' असं विचारलं की तीच मुलं गप्प होऊन बोटांवर मोजायला लागतात.

आधी तुमचा पराभव उलगडू. नऊ घरांचा डाव घ्या, 3×3. सोळा ठिपके, चोवीस रेघा. बिनधोक रेघा संपल्या आहेत, अजून एकही घर कोणाच्या नावावर नाही, आणि कागदावर दोन साखळ्या तयार झाल्या आहेत: एक चार घरांची, दुसरी पाच घरांची. साखळी म्हणजे एकमेकांना लागून असलेली अशी घरं, की प्रत्येकाच्या दोन बाजू आधीच झालेल्या आहेत. तिच्यात कुठेही एक रेघ पडली की समोरचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी घरं ओळीने घेत जाऊ शकतो.

पाळी तुमची. तुम्ही शहाणपणाने धाकटी साखळी उघडता, चार घरांची. साधा खेळाडू चारही घरं आनंदाने घेतो. पण घर केलं की पुन्हा खेळायचं, असा नियम आहे. हा नियम आपल्याला बक्षीस वाटतो. इथे तो दंड आहे. चार घरं घेतल्यावर त्याला आणखी एक रेघ मारावीच लागते, आणि उरलंय काय? पाचांची साखळी. ती तो उघडतो, तुम्ही पाच घेता, डाव तुमचा, 5–4.

तुमची मुलगी असं करत नाही. ती दोन घरं घेते आणि थांबते. उरलेल्या दोन घरांपैकी जवळच्या घराच्या आता तीन बाजू झालेल्या असतात. ते घर पुरं करण्याऐवजी ती पलीकडच्या घराची बाहेरची बाजू मारते. आता दोन्ही घरांना तीन-तीन बाजू आहेत आणि मधली एकच रेघ बाकी आहे. तिने एकही घर केलं नाही, म्हणून पाळी तुमच्याकडे. तुम्ही ती मधली रेघ मारता, एका रेघेत दोन घरं मिळतात, खुश होता, आणि नियमाप्रमाणे पुन्हा खेळावं लागतं. उरलंय काय? पाचांची साखळी. ती तुम्ही उघडता, ती पाचही घेते. 7–2. ती दोन घरं तुम्ही घेतली नाहीत तरी सुटका नाही. दुसरीकडे खेळायला जागा फक्त त्याच साखळीत आहे.

दोन घरं दान करून पाळी ढकलण्याच्या या युक्तीला मी शिबिरात 'दोन सोड' म्हणतो. मुलांना ती पटायला वेळ लागतो, कारण हातात आलेलं घर सोडणं जिवावर येतं. साखळ्या जितक्या लांब तितका नफा मोठा: सोडायची दोनच, बाकीची सगळी आपली. तीन घरांच्या साखळीत मात्र एक मिळतं आणि दोन जातात, तेव्हा पुढे मोठी साखळी नसेल तर हिशेब करूनच सोडावं. आणि शेवटच्या साखळीत काहीच सोडायचं नसतं.

आता प्रश्न उरतो तो असा की पहिली लांब साखळी उघडायची वेळ कोणावर येते. तीन किंवा जास्त घरांच्या साखळीला लांब म्हणू. इथे एक हिशेब आहे आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. पूर्ण डावात एकूण किती पाळ्या होतात? प्रत्येक पाळी अशा रेघेने संपते जिने घर होत नाही. अपवाद फक्त शेवटच्या पाळीचा. म्हणजे घर न करणाऱ्या रेघा, पाळ्यांपेक्षा एकने कमी. घर करणाऱ्या रेघा किती? घरांइतक्याच, पण ज्या रेघेने एकदम दोन घरं झाली तिथे एक रेघ वाचली. शिवाय चौकटीच्या जाळ्यात ठिपके वजा रेघा अधिक घरं बरोबर एक, हे ऑयलरचं जुनं सूत्र: 16 − 24 + 9 = 1. हे सगळं एकत्र केलं की उरतं ते एवढंच:

पाळ्या = ठिपके + जोडघरं.

जोडघर म्हणजे एका रेघेत दोन घरं होण्याचा प्रसंग. सोळा ठिपके आणि एकही जोडघर नाही, तर सोळा पाळ्या. शेवटची पाळी दुसऱ्या खेळाडूची. एक जोडघर झालं की सतरा. शेवटची पाळी पहिल्याची. वरच्या उदाहरणात मुलगी पहिली खेळत होती हे आता तुम्ही स्वतःच ताडू शकाल: दोन सोडल्याने एक जोडघर झालं, सतरा पाळ्या झाल्या, आणि सतरावी तिची होती.

दोन सोडत खेळलं तर शेवटची सोडून प्रत्येक लांब साखळीत एक जोडघर होतं. म्हणून नियम असा बसतो: ठिपके आणि लांब साखळ्या यांची बेरीज सम व्हावी असं पहिल्या खेळाडूने बघायचं, विषम व्हावी असं दुसऱ्याने. 3×3 घरांत सोळा ठिपके, म्हणजे पहिल्याला साखळ्या सम हव्यात. 4×4 घरांत पंचवीस ठिपके, तिथे उलट, पहिल्याला विषम. चार किंवा जास्त घरांचं बंद कडं झालं तर ते या मोजणीत धरायचं नाही. तिथे पाळी ढकलायला दोनऐवजी चार घरं सोडावी लागतात, जोडघरं दोन होतात आणि सम-विषम जिथल्या तिथे राहतं.

याचा अर्थ, निम्म्या रेघा झाल्या की खेळ बदलतो. तिथून पुढे घरं बघायची नाहीत, साखळ्या मोजायच्या. नको असलेली साखळी दोन तुकड्यांत तोडायची, दोन तुकडे हवे नसतील तर जोडायचे, गरज पडली तर एखादं घर फुकट देऊन. एक बारीक गोष्ट: दोन घरांची छोटी साखळी देणं भाग पडलं तर मधली रेघ मारून द्या, टोकाची नाही. टोकाची मारलीत तर समोरचा दुसरं टोक बंद करून तीच दोन घरं तुमच्या गळ्यात मारतो, जोडघर होतं, आणि तुमची सगळी मोजणी उलटते. मधली मारली की दोन्ही घरं सुटी होतात आणि त्याला हा डाव खेळताच येत नाही. मोठी माणसंही इथे चुकतात, कारण 'दोन घरं तर द्यायचीच आहेत, कुठूनही देऊ' असं वाटतं.

हा खेळ फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने 1889 मध्ये मांडला, हॅनॉयच्या मनोऱ्यांचं कोडं ज्याचं आहे तोच. साखळ्यांचा सिद्धांत अमेरिकेतल्या एल्विन बर्लेकॅम्पने उभा केला. आणि इतकं सगळं माहीत असूनही 4×5 घरांचा डाव संगणकाने पूर्ण सोडवायला 2012 साल उजाडलं; दोघंही बिनचूक खेळले तर तो बरोबरीत सुटतो.

साखळ्या आणि कडी डोक्यात बसत नसतील तर हाच विचार निमच्या खेळात स्वच्छ दिसतो. कागदावर उभ्या रेघांच्या चार ओळी काढा: 1, 3, 5, 7. पाळीला कोणत्याही एकाच ओळीतल्या हव्या तेवढ्या रेघा खोडायच्या. शेवटची रेघ खोडणारा जिंकला. आधी दोनच ओळी आहेत असं धरा, सारख्या लांबीच्या. समोरचा एका ओळीत जे करेल तेच तुम्ही दुसरीत करा. त्याच्याकडे खेळी असेल तर तुमच्याकडे असणारच, म्हणून शेवटची तुमची. चार ओळींतही हीच नक्कल चालते, फक्त जोड्या ओळींच्या लावायच्या नाहीत, तुकड्यांच्या लावायच्या. प्रत्येक ओळ 4, 2, 1 अशा तुकड्यांत फोडा: तीन म्हणजे 2+1, पाच म्हणजे 4+1, सात म्हणजे 4+2+1. चौकडे दोन, दुकल्या दोन, एकटे चार. सगळं जोडीत आहे, तेव्हा ज्याची पाळी तो हरणार. समजा त्याने सातच्या ओळीतून चार खोडल्या: 1, 3, 5, 3 उरल्या. आता पाचमधला चौकडा एकटा पडला. तुम्ही तो खोडा, उरतील 1, 3, 1, 3, आणि इथून पुढे डोळे मिटून नक्कल करा. हार्वर्डच्या चार्ल्स बाउटनने 1901 मध्ये याची पूर्ण सिद्धता दिली आणि खेळाचं नावही त्यानेच ठेवलं. शेवटची रेघ खोडणारा हरतो, असाही एक प्रकार खेळतात. त्यातही अगदी शेवटपर्यंत असंच खेळायचं. फक्त तुमच्या खेळीनंतर सगळ्या ओळी एकेकट्या रेघेच्या उरणार असतील तेव्हा त्या विषम उरतील असं बघायचं.

निमचं महत्त्व निमपुरतं नाही. ज्या खेळात दोघांनाही सारख्याच खेळ्या खुल्या असतात आणि खेळी न उरलेला हरतो, तो प्रत्येक खेळ आतून निमची एक ओळच असतो, हे स्प्रेगने 1935 मध्ये आणि ग्रंडीने 1939 मध्ये, एकमेकांचं न बघता, सिद्ध केलं.

आता पहिल्या खेळीबद्दल. त्सर्मेलोने 1913 मध्ये बुद्धिबळाच्या निमित्ताने जे दाखवलं त्याचा सारांश असा: ज्यात काही लपलेलं नाही, फासा नाही, आणि जो कधीतरी संपतोच, अशा दोघांच्या खेळात तीनच शक्यता. पहिला हमखास जिंकू शकतो, दुसरा हमखास जिंकू शकतो, किंवा दोघंही हार टाळू शकतात. कोणता खेळ कोणत्या खणात पडेल याला सरसकट नियम नाही. वरचा 1-3-5-7 चा निम दुसऱ्याचा आहे. एका ओळीतल्या रेघांपैकी एक किंवा लगतच्या दोन खोडायच्या, असा खेळ असेल तर तो पहिल्याचा: मधली एक (किंवा मधल्या दोन) खोडायची आणि मग आरशासारखं खेळायचं.

फुली-गोळा तिसऱ्या खणातला. शेवटपर्यंत खेळलेले वेगवेगळे डाव 2,55,168 होतात, पण लक्षात ठेवायला दोन-तीन गोष्टी पुरतात. समोरच्याने कोपऱ्यात सुरुवात केली तर मधलं घर घ्या. बाकी कुठलंही उत्तर हरतं. मग त्याने समोरचा कोपरा घेतला तर तुम्ही कोपरा घेऊ नका, कडेचं घर घ्या. त्याने मध्यापासून सुरुवात केली तर तुम्ही कोपरा. एवढ्यावर दहा वर्षांचं मूल पुन्हा फारसं हरत नाही, आणि हा खेळ त्याच दिवशी कंटाळवाणा होतो.

त्याला पुन्हा जीव आणायची एक गंमत. 1 ते 9 आकडे लिहा, पाळीपाळीने एकेक आकडा घ्यायचा, ज्याच्याकडे कोणत्याही तीन आकड्यांची बेरीज 15 होईल तो जिंकला. मुलं डोकं धरून बेरजा करत बसतात. दोन-तीन डाव झाले की मी फळ्यावर तीन ओळी लिहितो: 2 7 6, त्याखाली 9 5 1, त्याखाली 4 3 8. आडव्या, उभ्या, तिरक्या, सगळ्या बेरजा पंधरा. म्हणजे आपण इतका वेळ फुली-गोळाच खेळत होतो. मी मात्र तो चौकोन डोक्यात ठेवून खेळत होतो, हे कळल्यावर जी आरडाओरड होते ती ऐकण्यासारखी असते.

ज्यात पहिल्या खेळीला काडीची किंमत नाही असाही एक खेळ आहे, पण त्याआधी त्याचा थोरला भाऊ बघू. जॉन कॉन्वे आणि मायकेल पॅटरसन यांनी 1967 मध्ये केंब्रिजमध्ये 'स्प्राउट्स' काढला: ठिपके, त्यांना जोडणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा, प्रत्येक रेघेवर एक नवा ठिपका, रेघा एकमेकींना छेदायच्या नाहीत, आणि एका ठिपक्याला तीनच रेघा. सुरुवातीला n ठिपके असतील तर प्रत्येकाला तीन, असे 3n जीव. दर खेळीत दोन जातात, नव्या ठिपक्याचा एक येतो, आणि शेवटी निदान एक उरतोच, म्हणून डाव 3n − 1 खेळ्यांच्या पुढे जात नाही. हा खरा, अवघड खेळ आहे. ठिपक्यांच्या संख्येला 6 ने भागून 3, 4 किंवा 5 उरले तर पहिला जिंकतो, असा अंदाज आहे. 1991 मध्ये अकरा ठिपक्यांपर्यंत संगणकावर तो खरा ठरला, पुढेही तपासला गेला, पण सगळ्या संख्यांसाठी सिद्धता नाही.

त्याचा खोडकर भाऊ म्हणजे 'ब्रसेल्स स्प्राउट्स'. ठिपक्यांऐवजी अधिकचं चिन्ह काढायचं, चार मोकळी टोकं. दोन टोकं जोडायची आणि त्या रेघेवर आडवी काडी मारायची. दोन टोकं गेली, दोन आली, म्हणजे मोकळी टोकं कायम 4n. हा खेळ संपणारच नाही असं वाटतं. पण डाव संपतो तेव्हा प्रत्येक बंदिस्त भागात आणि बाहेर मिळून बरोबर एकेक मोकळं टोक उरतं, म्हणजे भाग 4n. पुन्हा ऑयलरचं सूत्र लावलं की खेळ्या बरोबर 5n − 2 येतात. कसेही खेळा. दोन चिन्हं असतील तर आठ खेळ्या, दुसरा जिंकणार. मी शिबिरात मुलांना म्हणायचो, "चिन्हं किती ते तुम्ही ठरवा, कोण सुरू करणार ते मी ठरवतो," आणि दोन दिवस अजिंक्य असायचो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने प्रत्येक डावाच्या खेळ्या वहीत टिपल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, दोन चिन्हांना दर वेळी आठच का होतात?" त्या वर्षीचं शिबिर तिथून पुढे तिनेच घेतलं म्हणा ना.

पहिली खेळी ओझं ठरते असा खेळ म्हणजे 'सिम', 1969 मधला, गुस्टाव्हस सिमन्स याचा. सहा ठिपके, पंधरा जोड्या, दोन रंगांच्या पेन्सिली. स्वतःच्या रंगाचा त्रिकोण ज्याचा आधी होईल तो हरला. बरोबरी शक्य नाही. एका ठिपक्याकडे बघा: पाच रेघा, म्हणजे निदान तीन एका रंगाच्या, समजा लाल. त्यांच्या पलीकडच्या तीन ठिपक्यांमध्ये एक जरी लाल रेघ असली तर लाल त्रिकोण, एकही नसली तर तिन्ही निळ्या आणि निळा त्रिकोण. बिनचूक खेळल्यास दुसरा जिंकतो, पण ती रीत माणसाने पाठ करावी अशी नाही.

आणि मग हेक्स. षटकोनी घरांचा 11×11 चा पट, दोघांच्या वाट्याला समोरासमोरच्या दोन-दोन कडा, आपल्या कडा जोडणारा सलग रस्ता करायचा. डेन्मार्कच्या पीट हाइनने तो 1942 मध्ये काढला, काही वर्षांनी जॉन नॅशला तो स्वतंत्रपणे सुचला. बरोबरी इथेही होत नाही. पहिला जिंकू शकतो हे नॅशने ज्या युक्तिवादाने दाखवलं तो निर्लज्जपणे सोपा आहे. समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने कुठेतरी एक खूण करावी, ती विसरून जावी, आणि आपणच दुसरे आहोत असं समजून ती रीत चोरावी. हेक्समध्ये पटावरची जादा खूण कधीच नडत नाही. मग दोघंही जिंकणार? अशक्य. म्हणून तशी रीत दुसऱ्याकडे नाहीच. फुली-गोळ्यातही हीच चोरी चालते, पण तिथे बरोबरी असल्याने 'पहिला हरणार नाही' एवढंच हाती लागतं.

गंमत अशी की या सिद्धतेतून पहिली खूण कुठे करायची याचा पत्ताही लागत नाही. 9×9 पर्यंतच्या पटांवर प्रत्येक पहिल्या खेळीचा निकाल संगणकांनी शोधून काढलाय. 11×11 वर पहिला जिंकू शकतो हे नक्की, पण कसं ते कोणाला पूर्ण सांगता येत नाही. म्हणून तुमच्या घरी पुढचा खेळ हेक्स असू दे असं मी सुचवेन. एक नियम जोडा: पहिली खूण झाल्यावर दुसऱ्याने हवं तर बाजू बदलून ती खूण स्वतःची करून घ्यावी. मग पहिल्याला फार चांगली खेळीही परवडत नाही आणि फार वाईटही. आणि तोवर 3×3 च्या ठिपक्यांत मुलगी पहिली खेळत असेल, तर निम्म्या रेघा झाल्यावर साखळ्या मोजा. दोन दिसल्या तर एखादं घर गेलं तरी चालेल, त्यातली एक मोडा.